पिन्यन-जुनिपरचं रान : न्यू मेक्सिकोच्या उंच वाळवंटातले पशुपक्षी

मेसावासी

अमेरिकेतलं वाळवंट म्हटलं की दोन्ही हात वर केलेले ते उंच निवडुंग आठवतात. ते ॲरिझोनातल्या सखल, तापट वाळवंटातले. मी राहते तो सांता फेच्या आसपासचा भाग समुद्रसपाटीपासून जवळजवळ ७,००० फुटांवर आहे. वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण ३५० मिमी पाणी पडतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो, जूनमध्ये दुपारी कातडी करपते आणि त्याच रात्री स्वेटर शोधावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या गडगडाटी सरी येतात, त्यांना इथेही मान्सूनच म्हणतात.

या हवेत तग धरणारं रान म्हणजे पिन्यन आणि जुनिपर. पिन्यन हा बुटका पाइन, न्यू मेक्सिकोचा राज्यवृक्ष. दोन्ही झाडं अंगाने आडवी, फार तर दोन-तीन पुरुष उंच, आणि मधे उघडी लालसर जमीन. हायवेवरून जाणारे लोक याला झुडपं समजतात आणि पुढच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पाटीकडे डोळे लावून निघून जातात. मला मात्र या रानाइतकं गुंतवून ठेवणारं दुसरं काही इथे सापडलेलं नाही. खूप दिवस लिहायचं मनात होतं.

सुरुवात पिन्यन जे या पक्ष्यापासून करते, कारण त्याच्याशिवाय या रानाची गोष्टच सांगता येत नाही. साळुंकीहून थोडा मोठा, अंगभर धुरकट निळा, आखूड शेपटीचा. एकटा क्वचितच दिसतो. कधी पन्नास, कधी दोनशे-तीनशेचा थवा कलकलाट करत दरीतून वर येतो आणि झाडं निळी होऊन जातात. बहुतेक कावळेवर्गीय पक्ष्यांच्या नाकपुड्यांवर बारीक पिसं असतात, याच्या नाकपुड्या उघड्या असतात. पिन्यनचं हिरवं शंकूफळ डिंकाने नुसतं चिकचिकत असतं. त्यात चोच खुपसायची तर नाकावर पिसं नसलेलीच बरी.

शंकूतून बी काढल्यावर तो काय करतो ते दुर्बिणीतून जरूर बघा. भरलेल्या बीचं कवच गडद तपकिरी असतं, पोचट बीचं फिकट. फिकट बीकडे तो सहसा वळतच नाही. गडद उचलली तरी चोचीत धरून वजन जोखतो, टकटक वाजवून बघतो, बाजारात आपण नारळ हलवून बघतो तसं. पोकळ वाटली की टाकून देतो. चांगल्या बिया घशात साठवतो. त्याची अन्ननलिका ताणली जाते आणि एका खेपेत डझनावारी बिया मावतात. मग थवा कित्येक किलोमीटर उडतो आणि त्या बिया जमिनीत पुरून ठेवतो. पुष्कळदा झाडाच्या दक्षिण बाजूला, जिथे बर्फ लवकर वितळतं. हिवाळ्यात महिन्यांनंतर तो नेमक्या त्याच जागा उकरतो.

पिन्यनच्या बीला पंख नसतात. वारा तिला कुठेच नेऊ शकत नाही. जे परत उकरायचं राहून जातं त्यातूनच नवीन पिन्यन उगवतात, तेही बरेचदा एखाद्या झुडपाच्या किंवा जुनिपरच्या सावलीत. पक्षी झाडावर जगतो आणि झाड पक्ष्याच्या हातून पेरलं जातं. न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डेव्हिड लिगन यांनी १९७०च्या दशकात याहून पुढची गोष्ट दाखवली. उन्हाळ्याच्या अखेरीस झाडावर हिरवे शंकू नुसते दिसले तरी या पक्ष्यांच्या शरीरात विणीची तयारी सुरू होते, आणि चांगल्या पिकाच्या वर्षी ते ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा घरटी करतात. एरवी त्यांची वीण हिवाळा सरता सरता, जमिनीवर बर्फ असतानाच सुरू होते, कारण पिल्लांना भरवायला पुरलेल्या बिया असतात.

जुनिपरचा स्वभाव वेगळा. दुष्काळ लांबला की तो आपल्याच एखाद्या फांदीचं पाणी तोडतो. ती वाळून राखाडी होते आणि बाकीचं झाड हिरवं राहतं. म्हाताऱ्या जुनिपरवर अशा पिळवटलेल्या वाळक्या फांद्या जागोजागी दिसतात. झाड मेलंय असं वाटतं, पण मागच्या बाजूला निळसर फळं लगडलेली असतात. त्या फळांवर हिवाळ्यात टाउनसेंड्स सॉलिटेअर नावाचा राखाडी पक्षी हद्द आखून बसतो. एकेक पक्षी आपापल्या फळझाडांची राखण करतो आणि घुसखोराला हाकलतो. रॉबिनचा मोठा थवा आला की मात्र त्याचं काही चालत नाही.

जुनिपर टिटमाउस हा तुरेवाला चिमुकला पक्षी, उंदरांवर टपलेला आणि झाडावर सहज चढणारा राखाडी कोल्हा, पिन्यनची साल कुरतडणारं साळिंदर (इथलं साळिंदर झाडावर राहतं, आपलं जमिनीवर), लांब कानांचं म्यूल हरीण, त्याच्या मागावरचा पहाडी सिंह. आणि एक शिंगाळी पाल, जी कोल्हा-कोयोटीने धरली तर डोळ्यांच्या कडेतून रक्ताची पिचकारी मारते. एका धाग्यात सगळे मावणार नाहीत. विचारा, जमेल तसं लिहीन.

---

ओवी_ठाणे

किती सुंदर लिहिलंय ताई! फोटो असतील तर टाका ना. एक प्रश्न, या बिया म्हणजे आपल्याकडे सुक्यामेव्याच्या दुकानात मिळतात ते चिलगोजेच का?

---

मेसावासी

ओवी, चुलतभाऊ म्हण. चिलगोजा हिमालयातल्या वेगळ्या पाइनचा, किन्नौरकडून येतो. इथला पिन्यन दाणा त्याहून आखूड आणि गोलसर, पण चव त्याच घरातली, लोण्यासारखी मऊ. नाव्हाहो, होपी, प्वेब्लो, यूट, पायूट अशा अनेक मूळनिवासी समाजांचं हे पिढ्यानपिढ्याचं अन्न आहे. आजही शरद ऋतूत पिकाचं वर्ष असलं की रस्त्याकडेला गाड्या लावून अख्खी कुटुंबं झाडाखाली चादरी पसरून बसलेली दिसतात.

पीक दरवर्षी येत नाही. कळीपासून पक्का शंकू व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ जातो आणि भरघोस पीक तीन ते सात वर्षांतून एकदा. एखाद्या भागातली सगळी झाडं त्याच वर्षी लगडतात. उंदीर, खारी, अस्वलं, जे पक्षी, माणसं, सगळ्यांनी खाऊनही बी उरतं. मधल्या वर्षांत काहीच नसल्यामुळे खाणाऱ्यांची संख्याही आटोक्यात राहते. काळजीची गोष्ट अशी की १९७४च्या आसपासचं दशक आणि २००८च्या आसपासचं दशक यांची तुलना करणाऱ्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंकूंचं पीक सुमारे ४० टक्क्यांनी घटलेलं आढळलं. जिथे उन्हाळ्याच्या अखेरचं तापमान जास्त वाढलं तिथे घटही जास्त.

---

कातळखोदी

धाग्याबद्दल धन्यवाद. मी ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला आहे, म्हणून माझ्या आवडत्या प्राण्याची भर घालतो : पॅकरॅट, म्हणजे वुडरॅट. दिसायला गोड उंदीर, मोठे डोळे. काटक्या, शंकू, निवडुंगाचे तुकडे, हाडं, बाटलीची झाकणं, जे दिसेल ते उचलून कपारीत ढीग घालायचा हा त्याचा उद्योग. यातला स्टीफन्स वुडरॅट तर जवळजवळ फक्त जुनिपरवर जगतो. जुनिपरच्या पाल्यातली उग्र तेलं बाकीच्यांना सोसत नाहीत, याला पचतात.

खरी मजा त्या ढिगात आहे. पॅकरॅट त्याच ढिगावर मुततो. कोरड्या हवेत ते मूत्र आटून काळ्या-तपकिरी, चकचकीत दगडासारखं घट्ट होतं आणि आतल्या पानाबियांना सीलबंद करतं. कपारीत पाऊस लागला नाही तर असा ढीग हजारो वर्षं टिकतो. रेडिओकार्बनने वय काढता येतं आणि काही ढीग ४०,००० वर्षांहून जुने निघालेत. १८४९ साली सोन्याच्या शोधात निघालेल्या भुकेल्या लोकांनी नेवाडात असे चमकदार गोळे मिठाई समजून खाल्ले आणि त्यांना मळमळायला लागलं, अशी नोंद आहे.

१९६४ साली फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेन्सन यांनी नेवाडातल्या अणुचाचणी क्षेत्राजवळचे ढीग फोडले तेव्हा आत जुनिपर निघाला. आज तिथे मैलोनमैल जुनिपर नाही, नुसतं रखरखीत मोहावी वाळवंट आहे. हिमयुगात हे रान तिथपर्यंत खाली उतरलेलं होतं. हवा तापत गेली तसं ते वर डोंगरावर आणि उत्तरेकडे सरकलं. पॅकरॅट आपल्या बिळापासून शंभर-एक मीटरच्या आतलंच सामान आणतो, त्यामुळे एकेक ढीग म्हणजे त्या जागेची त्या काळातली झाडांची यादीच. पिन्यन उत्तरेकडे कसा पोचला हे अशा याद्या जोडून कळलंय. आणि त्याच्या बीला पंख नाहीत, म्हणजे वाहून नेणारे कोण असणार ते मेसावासी यांनी वर लिहिलंच आहे.

---

डॉ_अनाम

फार छान माहिती. उंदरांचा विषय निघालाय म्हणून विचारतो : हंटाव्हायरसचा उद्रेक याच भागातला ना?

---

मेसावासी

हो डॉक्टर, १९९३चा वसंत. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि यूटा जिथे मिळतात तो भाग. धडधाकट तरुण माणसं चार दिवसांच्या तापात श्वास कोंडून जाऊ लागली. पुढे विषाणू सापडला, त्याला सिन नोम्ब्रे नाव मिळालं, आणि तो डिअर माउस या उंदराच्या लेंड्या, मूत्र व लाळेतून पसरतो हे कळलं. आधीच्या हंगामात एल निन्योमुळे पाऊस-बर्फ चांगलं झालं होतं, पिन्यनचं पीक उदंड आलं होतं आणि उंदीर भरमसाट वाढले होते. नाव्हाहो समाजातल्या वृद्धांनी हा संबंध संशोधकांना स्वतःहून सांगितला. चांगल्या पिकाच्या वर्षांनंतर असे आजार आल्याचं त्यांच्या स्मरणात होतं आणि उंदरांपासून अन्न-कपडे दूर ठेवायची शिकवण पूर्वीपासून होती.

या भागात बंद पडलेलं केबिन किंवा शेड उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवा : लेंड्या कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. दारं-खिडक्या अर्धा तास उघडी ठेवा, हातमोजे घाला, ब्लीचच्या पाण्याने सगळं भिजवून मग पुसा. फुप्फुसाला बाधा झाली तर सुमारे ३५ ते ४० टक्के रुग्ण दगावतात.

---

नेवाडकर

लेख आवडला, पण दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. मी उत्तर नेवाडात राहतो. आमच्याकडे एका सुईचा पिन्यन आणि यूटा जुनिपर. गेल्या दीडशे वर्षांत ही झाडं सेजब्रश या राखाडी झुडपाच्या खुरट्या माळावर पसरत चालली आहेत. गुराढोरांनी गवत संपवलं, त्यामुळे माळावरून धावणारे वणवे थांबले, उरलेले माणसांनी विझवले. पूर्वी आगीत जी रोपं मरायची ती आता झाडं झाली.

याचा फटका सेज ग्राउसला. हा कोंबडीवर्गातला मोठा पक्षी. वसंतात नर एका ठरलेल्या उघड्या जागी जमतात आणि छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून नाचतात. ओरेगनमधल्या अभ्यासात आढळलं की झाडोऱ्याने ४ टक्क्यांहून जास्त जमीन झाकली की तिथे एकही नाचाची जागा चालू राहिली नव्हती. उंच झाड म्हणजे गरुडाला आणि कावळ्याला बसायला जागा. त्यामुळे माळावरची झाडं काढणं हे इथे संवर्धनाचंच काम आहे. झाड तोडलं म्हणजे निसर्ग बुडाला, असं सगळीकडे होत नाही.

---

माळकरी_सोलापूर

नेवाडकरांना अगदी मनापासून अनुमोदन. आमच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गवताळ माळावर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं गेलं. माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं लावली की पुण्य, ही समजूत खोलवर बसलेली. माळढोकला लांबवर नजर पोचेल असा उघडा माळ लागतो. आता तो आमच्याकडे दिसणं दुरापास्त झालंय. तणमोर, धाविक, चिंकारा, लांडगा, सगळे त्याच माळाचे. झाड कुठे हवं आणि कुठे नको हे त्या जमिनीला विचारूनच ठरवायला हवं.

---

मेसावासी

नेवाडकर, माळकरी, दोघांचंही म्हणणं पटतं. सेजब्रशच्या माळावर काल-परवा चढलेली झाडं काढायला माझी हरकत नाही. माझं दुखणं आहे ते सगळं रान एका मापाने मोजण्याचं.

१९५० आणि ६०च्या दशकांत दोन बुलडोझरच्या मधे जहाजाच्या नांगराची साखळी बांधून हे रान अक्षरशः उपटून काढलं जायचं, गुरांसाठी कुरण करायचं म्हणून. त्यात शेकडो वर्षांची झाडंही गेली. आता साखळीऐवजी झाडाचा जागेवर भुगा करणारी यंत्रं आहेत आणि कारणांच्या यादीत सेज ग्राउस व वणव्याचा धोका आले आहेत. प्रश्न तोच आहे : कुठलं झाड?

आणि ते ओळखता येतं. तरुण पिन्यन-जुनिपर शंकूच्या आकाराचे, टोकदार शेंड्याचे असतात. म्हातारी झाडं शेंड्याला गोल किंवा चपटी, खोड पिळलेलं, साल खोल चिरलेली, वाळक्या फांद्यांवर शेवाळी-केशरी लायकेन (दगडफूल). जिथे खडकाळ उतारावर अशी झाडं आहेत तिथे रान पूर्वीपासूनचंच आहे. तिथे वणवे मुळातच शतकांतून एखादे. कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यानात १९९६ ते २००२च्या वणव्यांत असं जुनं रान जळलं. तिथे पिन्यन परत यायला कित्येक पिढ्या लागतील. मधल्या काळात युरेशियातून आलेलं चीटग्रास शिरतं, ते उन्हाळ्याच्या तोंडीच वाळतं आणि पुढच्या आगीला सरपण होतं.

दुसरी अडचण जे पक्ष्याची. नेवाडातच झालेल्या अभ्यासांत दिसलंय की बिया पुरायला त्याला विरळ झाडोऱ्याची, सेजब्रशला लागून असलेली किनार आवडते. नेमकी तीच किनार ग्राउससाठी साफ केली जाते. म्हणजे एका पक्ष्याला वाचवताना दुसऱ्याचं कोठार आपण मोडतोय. पिन्यन जे हा पक्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत 'असुरक्षित' आहे. २०२२ साली त्याला अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचं संरक्षण द्यावं असा अर्ज झाला आणि २०२३ साली केंद्रीय वन्यजीव खात्याने सविस्तर तपासणीची गरज मान्य केली.

वर हा दुष्काळ. २००२-०३ साली लॉस अलामोसजवळच्या एका अभ्यासक्षेत्रात ९० टक्क्यांहून जास्त पिन्यन मेले. कोरडं पडल्यावर पिन्यन पानांची छिद्रं मिटून घेतो. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही थांबतं. अशा अशक्त झाडाकडे साल पोखरणाऱ्या भुंग्यांना परतवायला डिंकसुद्धा उरत नाही. जुनिपर छिद्रं बरीचशी उघडी ठेवून कोरड्या मातीतूनही पाणी ओढत राहतो, म्हणून तो बहुतांशी तगला. तेव्हाचे राखाडी सांगाडे अजून काही उतारांवर उभे आहेत. इतकं सगळं गेल्यावर बी धरणारी म्हातारी झाडं मुद्दाम तोडणं मला सहन होत नाही. पिन्यनला बी धरायलाच पंचवीस-एक वर्षं लागतात, भरघोस पिकायला त्याहून कितीतरी जास्त.

---

नेवाडकर

शेंड्याच्या आकाराचा मुद्दा बरोबर आहे. आमच्या भागातल्या कामांतही जुनी झाडं फीत बांधून वगळायची सूचना असते. कंत्राटी यंत्र वेगाने चालतं तेव्हा ती कितपत पाळली जाते, हे जागेवर बघावं लागतं. जे पक्ष्यांची पाहणी झाडं काढण्याआधी व्हायला हवी, यावर आपण सहमत आहोत.

---

अनुश्री_फिनिक्स

आम्ही ऑक्टोबरमध्ये मुलांना घेऊन ग्रँड कॅन्यन आणि पुढे मेसा व्हर्डे करतोय. हे रान कुठे नीट बघता येईल? मुलं ७ आणि १० वर्षांची आहेत.

---

मेसावासी

अनुश्री, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर गर्दीच्या जागा सोडून पूर्वेला डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने जा. तुसायानच्या जुन्या वस्तीच्या आसपास पिन्यन-जुनिपर दाट आहे. मेसा व्हर्डेत न जळलेला आणि जळलेला असे दोन्ही भाग रस्त्यावरूनच दिसतात, मुलांना ते दाखव. सांता फेपर्यंत येणार असाल तर जवळचं बॅंडेलियर हे राष्ट्रीय स्मारकही करा. सकाळी लवकर निघा आणि आधी कान उघडे ठेवा. जेंचा थवा दिसण्याआधी ऐकू येतो. त्यांचा ठरलेला पत्ता नसतो, पीक असेल तिकडे जातात. दिसलेच तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा, अंदाजे संख्येसह. या पक्ष्याबाबत अशा नोंदींचा खरोखर उपयोग होतो.

आणि मुलांना एक गोष्ट निघण्याआधी सांग. झाडांच्या मधली जमीन काळपट, खडबडीत, फुगल्यासारखी दिसली तर तिच्यावर पाय द्यायचा नाही. ती सायनोबॅक्टेरिया, लायकेन आणि मॉस यांची जिवंत खपली असते. ती माती धरून ठेवते, पाणी मुरवते, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते. एका पावलाने मोडलेली खपली भरायला काही दशकं लागू शकतात. पायवाट, खडक किंवा कोरड्या ओढ्याची वाळू, एवढ्यावरूनच चालायचं.

नेवाडकर, मला तुमच्याकडचा सेज ग्राउसचा नाच एकदा बघायचाय. कधी यावं?

---

नेवाडकर

मार्च अखेर ते मेची सुरुवात. उजाडायच्या तासभर आधी पोचायचं, गाडीचे दिवे बंद करायचे आणि पक्षी स्वतःहून उठेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. त्याच दिवशी वरच्या उतारावरचे पिन्यनही बघू. कुठली झाडं फितीने राखली आहेत तेही दाखवतो. निरोप पाठवा, एप्रिलचा एखादा शनिवार ठरवू.